पट्टीखालचे दात

मित्रांनो, शिवणयंत्र डोळ्यांपुढे आणा म्हटले की तुम्हाला आधी सुई दिसते. मग चाक दिसते, दोऱ्याचे रीळ दिसते. मी कुणालाच दिसत नाही. सुईच्या खाली एक गुळगुळीत पोलादी पट्टी असते आणि त्या पट्टीत लांबट फटी असतात. कधी त्या फटींवरून बोट फिरवून पाहा. खरखर लागेल. ती खरखर म्हणजे मी. माझे नाव दातेरी. मी आता जुनी झाले आहे, पण माझे सगळे दात शाबूत आहेत. माझ्या वयाच्या किती जणांना असे सांगता येईल, ते तुम्ही तुमच्या घरातच विचारून पाहा.

सुई टाका घालते हे खरे. पण एकाच जागी टाक्यावर टाका पडत राहिला तर त्याला कुणी शिवण म्हणत नाही, भोक म्हणतात. कापड पुढे सरकले तरच शिवण होते आणि ते सरकवते मी. मी फटीतून वर येते, कापड खालून धरते, टाक्याएवढे पुढे ढकलते आणि पुन्हा खाली जाते. वरून एक चपटा पाय कापड दाबून धरतो. तो माझा जोडीदार. तो फार दाबतो की कमी दाबतो यावरून आमची अधूनमधून भांडणे होतात, पण संसार टिकून आहे. सुई मात्र सगळ्यांसमोर चमकत असते. चमकू दे बिचारीला. ती दर काही दिवसांनी मोडते आणि तिच्या जागी दुसरी येते. मी मात्र पहिल्यापासून इथेच आहे.

कोरियातल्या पुसानच्या बंदराजवळ एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादाची पट्टी कापून तिला दात पाडले, मग भट्टीत लालभडक तापवून तेलात बुडवले. तेव्हा मी जी चर्रकन ओरडले, ती शेवटची. त्यानंतर मी कशाला घाबरले नाही. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या एका बाईने माझ्या दातांवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि शेजारणीला म्हणाली, "ही चांगली चावते गं." ती माझी पहिली शाबासकी. मग काळ्या रंगाच्या, सोनेरी वेलबुट्टी काढलेल्या यंत्रात मला घट्ट बसवले आणि वरून पट्टी लागली. तेव्हापासून मी जगाला दातांनी ओळखते.

ते यंत्र फिल्ये नावाच्या मुलीच्या लग्नात आन्दोंगजवळच्या एका खेड्यात आले. त्या काळी नवरीबरोबर शिवणयंत्र येणे म्हणजे गावभर बोलण्याची गोष्ट होती. तिच्या वडिलांनी ते बसमधून उतरवून पाठीवर बांधले आणि डोंगराची वाट चढले. गावातल्या बायका घोळक्याने यंत्र बघायला आल्या आणि नवरी बघायची राहूनच गेली, असे फिल्ये पुढे हसत हसत सांगत असे.

मग आमचे चांगले दिवस सुरू झाले. शाळेचे गणवेश, रजयांच्या खोळी, लग्नाचे रेशमी घोळदार कपडे, शेतातल्या जाड सुती विजारी, सगळे माझ्या दातांवरून गेले. रेशीम लाडावलेले असते, जरा जोर लावला की दुमडते. नायलॉन निसटते. रजईची खोळ म्हातारीसारखी सावकाश चालते, तिला घाई करून उपयोग नसतो. प्रत्येक कापडाची चाल वेगळी, हे फिल्येला ठाऊक होते. ती पातळ कापडाला टाका बारीक ठेवायची, जाड्याभरड्याला लांब ठेवायची आणि त्या चपट्या पायाचा दाब कापड पाहून सैल-घट्ट करायची. बाजाराचा दिवस संपला की ती पट्टी उघडायची, कोंबडीच्या पिसाने माझ्या दातांमधला कचरा झाडायची आणि तेलाचा एक थेंब द्यायची. मग एका चिंधीवर दोन-चार फेऱ्या मारून जास्तीचे तेल टिपून घ्यायची. "दात घासले का गं?" असे मलाच विचारायची. गावात कुणाचे यंत्र कापड खायला लागले की लोक म्हणत, फिल्येच्या यंत्राला कधी बघा, कसे पाण्यासारखे चालते. हे ऐकून मला जो आनंद व्हायचा, तो मी लपवत नाही.

पुढे दिवस पालटले. दुकानांत तयार कपडे आले, फिल्येचा संसार आन्दोंग शहरात आला आणि यंत्रावर एक फडके पडले. फडक्यावर मुळ्याच्या लोणच्याची बरणी बसली. बरणीतले पाणी कधीतरी झिरपून चाकापर्यंत यायचे आणि त्या वासात मी वर्षानुवर्षे झोपून राहिले. मला फार वाईट वाटत असे. काम करून झिजणे वेगळे आणि काम नसताना गंजणे वेगळे.

मग फिल्येचा नवरा वारला. त्याला निरोप देऊन ती घरी आली ती कुणाशी न बोलता सरळ माझ्याकडे. बरणी उचलून खाली ठेवली, फडके ओढून काढले. निरोप देताना काय झाले होते ते मला तेव्हा कळले नाही. एवढेच कळले की आता ती एकाच प्रकारचे कपडे शिवणार होती. माणसाला अखेरच्या प्रवासाला निघताना घालतात तो पोशाख.

हा पोशाख साम्बेचा असतो. साम्बे म्हणजे अंबाडीसारख्या उंच झाडाच्या सालीचे तंतू काढून विणलेले पिवळसर कापड. तो शिवताना दोऱ्याला गाठ मारत नाहीत, दोरा मध्येच जोडत नाहीत आणि टाका उलटा फिरवत नाहीत. जाणाऱ्याचा पाय कशात अडकू नये, त्याने मागे वळून पाहू नये, म्हणून ही चाल. आणि तो शिवायचा अधिक महिन्यात. त्या महिन्यात कसले विघ्न आड येत नाही, जिवंतपणीच पोशाख शिवून पेटीत ठेवला की उलट आयुष्य वाढते, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे अधिक महिना लागला की बाजारामागच्या फिल्येच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांची अशी वर्दळ असायची की लग्नघर वाटावे.

मदतीला तिची सून उन्सिल होती. फिल्ये तिला नातीच्या नावाने 'हारिमची आई' म्हणायची. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. सासूसुनेचे पटायचे, पण ते कुणाला ऐकू येऊ नये याची दोघी काळजी घ्यायच्या.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. फिल्येने पहिल्याच दिवशी यंत्राची उलट्या शिलाईची कळ चिंधीने आवळून बांधली, सवयीने कुणाचा हात तिच्यावर पडू नये म्हणून. हे मला मान्य होते. चाक कधी उलटे फिरवायचे नाही असे बजावले. हेही बरोबर होते, चाक उलटे फिरले की दोरा गुंततो. मग म्हणाली, तेल नको, अखेरच्या कपड्यावर डाग पडला तर काय तोंड दाखवू? आणि शेवटी म्हणाली, पट्टी उघडायची नाही. ही चाल गावाची नव्हती, कुणाच्या आजीपणजीचीही नव्हती. ती फिल्येने त्या वर्षीच आपल्या मनाने काढली होती. स्क्रू उघडायचा तर तो उलटा फिरवावा लागतो आणि त्या खोलीत त्या महिन्यात उलटे काही फिरता कामा नये, असे तिने मनाशी घट्ट धरले होते.

मित्रांनो, साम्बेचे कापड विणण्याआधी सुताला कण्या शिजवून केलेली खळ लावतात. शिवताना त्या खळीची भुकटी आणि तंतूंचा भुसा माझ्या दातांमध्ये पडतो. दमट हवेत तो घट्ट बसतो. रोज झाडला तर काही नाही, पण आता रोज पोशाखामागून पोशाख होत होता आणि झाडायला कुणी नव्हते. भुशाची गादी दातांच्या टोकांपर्यंत चढली. मी वर येत होते, पण कापडाला पकडू शकत नव्हते. तोंडात भाकरीचा तोबरा भरलेल्या माणसाला दुसरा घास चावायला सांगावे, तशी माझी गत झाली.

कापड अडायला लागले. एका ठिकाणी टाके दाटून येत, मग एकदम लांब उडी पडे.

"आई, पट्टी उघडून बघूया का? आत भुसा साचला असणार," उन्सिल म्हणाली.

"महिना संपेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. एकदा सांगितलं ना?"

"दाराची कडी पण आपण रोज उलटी फिरवतो, आई."

"तोंड चालतंय तसे हात चालव."

उन्सिलने हात चालवले, पण भलत्याच रीतीने. कापड पुढे जात नाही म्हटल्यावर ती ते मागच्या बाजूने ओढायला लागली. ओढले की सुई वाकते. वाकलेली सुई टक्‌कन पट्टीवर आपटली आणि पट्टीतल्या ज्या भोकातून सुई खाली जाते त्याच्याशी पोलादाचा एक बारीकसा कंगोरा उभा राहिला. मला तो जाणवला. आता दोरा त्यात अडकणार हेही मला कळले. पण मला ओरडता येत नाही.

अशा वेळी येचनकरीणबाई आल्या. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. त्यांचे माहेर येचन. फिल्येपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, गुडघे दुखरे, समोरचे दात गेलेले आणि आवाज मात्र बाजारात कोबी विकणारणीचा.

"फिल्ये, आहेस का गं? की माझ्या आधीच गेलीस?"

"या, येचनताई. तुमच्या आधी जायची माझी काय टाप?"

येचनकरीणबाईंनी गाठोडे सोडले. आत साम्बेचे एक ठाण होते. उन्सिलने त्यावरून हात फिरवला आणि तिचे तोंड पहिल्यांदा बंद झाले. इतके बारीक सूत आता कुणी काढत नाही.

"लग्न होऊन आले त्या हिवाळ्यांत विणलेलं आहे," त्या म्हणाल्या. "सासूचं विणलं, सासऱ्यांचं विणलं, नवऱ्याचं विणलं. ज्याचं त्याला घालून पाठवलं. हे माझं. माझ्या अंगाला पुरेल एवढंच आहे, तळहाताएवढंही जास्तीचं नाही. आणि हे बघ, डॉक्टर म्हणतो माझं काळीज थकलंय. अमावास्येला महिना संपणार. पुढचा अधिक तीन वर्षांनी. तेवढं थांबायचं माझ्या हातात नाही. तेव्हा आत्ताच शिव."

"दुसऱ्या कुणाकडे..." फिल्येने यंत्राकडे पाहत हळूच म्हटले.

"दुसऱ्या सगळ्यांकडे रांगा आहेत. आणि परक्या बाईने माप घेतलं की मला गुदगुल्या होतात."

कापड बेतले, कापले. येचनकरीणबाई भिंतीला टेकून पंख्याच्या वाऱ्यात बसल्या. फिल्ये स्वतः यंत्रावर बसली. अंगरख्याची बाही तिने यंत्राच्या चपट्या पायाखाली सरकवली, अगदी कडेवर सुई टेकवली आणि पॅडल दाबले.

त्या कापडाचा पहिला स्पर्श मी विसरणार नाही. कोरडे, थंड, ताठ आणि तरीही मऊ. मी जीव तोडून वर आले, पण दातांना ते लागलेच नाही, मध्ये भुशाची गादी होती. सुई त्याच जागी पुन्हा पडली, पुन्हा पडली. कडेचे कापड भोकात खेचले गेले, दोरा त्या कंगोऱ्यात अडकला आणि खाली दोऱ्याचा गुंता होऊन बसला. फिल्येने झटका दिला.

"ओढू नका!" उन्सिल किंचाळली.

फिल्ये थिजली. उन्सिलने लहान कात्रीने एकेक दोरा कापून बाही सोडवली. कड कुरतडल्यासारखी झाली होती, पण शिवणीत दडेल इतपतच. जरा आणखी ओढले असते तर बाही गेलीच असती. आणि कापडाच्या खाली लोंबत होती दोऱ्याची एक टपोरी गाठ. उलटे काही घडू नये म्हणून एवढे जपता जपता अखेरच्या कपड्यात गाठ पडली होती.

फिल्येने बाही हळूच बाजूला ठेवली.

"यंत्र म्हातारं झालं," ती शेवटी म्हणाली. "दात झिजले त्याचे. आता यावर हे कापड शिवायचं धाडस मला होणार नाही, येचनताई. माफ करा."

माझे दात झिजले! आयुष्यभर हिचे कापड मी पुढे नेले आणि आज ही न बघता असे बोलली. मला खरोखरच फार लागले.

"झिजले? तोंड उघडून बघितलंस का?" येचनकरीणबाईंनी विचारले.

"आई उघडू देत नाहीत," उन्सिलने संधी साधली. "स्क्रू उलटा फिरतो म्हणतात."

येचनकरीणबाईंनी पंखा बंद केला. त्यांना नीट ऐकायचे होते. "काय म्हणतेस?"

"तुमच्या कपड्याशेजारी उलटं काही नको, येचनताई. मी नाही फिरवणार."

"कपडा कुणाचा?"

"तुमचा."

"मरायचंय कुणाला?"

"असं काय बोलता..."

"मला ना? मग तू कशाला थरथरतेस? एक स्क्रू उलटा फिरला म्हणून मी परत येईन होय गं? आणि आलेच तर पहिली तुझ्याच दारात येईन आणि जेवल्याशिवाय हलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. हारिमच्या आई, आण तो पेचकस."

उन्सिल जागची उठलीसुद्धा होती. फिल्येने तोंड फिरवले, पण नको म्हणाली नाही.

स्क्रू फिरले, पट्टी उचलली गेली आणि कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. वर तीन बायकांची डोकी वाकली होती.

"अगं बाई, हिच्या दातांत तर अख्खं जेवण अडकलंय!" येचनकरीणबाई ओरडल्या.

उन्सिलने सुईच्या टोकाने भुशाची गादी उचकटली. ती एकसंध निघाली, बुटाच्या तळव्यात घालतात तशी. मग तिने ब्रशने झाडले, फुंकर मात्र मारली नाही, फुंकरीने कचरा आणखी आत जातो हे तिला ठाऊक होते. माझे दात स्वच्छ होऊन चमकले. येचनकरीणबाईंनी त्यांवरून नख फिरवले.

"ए, हे तर टोचतात! चांगले धारदार आहेत. माझ्याकडे बघा, माझे दात ह्या कापडातच गेले. ओली साल दातांनी धरून फाडायची, बारीक बारीक, रात्रंदिवस. ओठ सोलायचे. फिल्ये, हिला म्हातारी म्हणतेस? म्हातारी मी आहे."

मला त्या बाईची पप्पी घ्यावीशी वाटली, पण माझी पप्पी म्हणजे चावा.

उन्सिलने बारीक पॉलिश कागदाने पट्टीवरचा कंगोरा घासून काढला, तेलाचा थेंब सोडला आणि सगळे मोकळे चालते का पाहायला चाक आपल्याकडे हळूहळू फिरवले. मी वर आले, पुढे गेले, खाली गेले.

"थांब," फिल्ये म्हणाली. ती आता वाकून बघत होती. "परत फिरव."

चाक पुन्हा फिरले.

"हे मागे येतंय."

"हो आई. पुढे ढकलायचं, खाली जायचं आणि खालून मागे यायचं. मागे आल्याशिवाय पुढच्या टाक्याला पुढे काय नेणार ते?"

"दर टाक्याला?"

"दर टाक्याला. सगळ्या यंत्रांत असंच असतं."

फिल्ये खाली बसली. एवढी वर्षे तिने पट्टी उघडून मला साफ केले होते, पण चाक फिरवून मला चालताना कधी पाहिले नव्हते. कचरा झाडायचा आणि झाकून टाकायचे. मग तिने ते सांगितले, जे तिने आजवर सुनेलाही सांगितले नव्हते.

"हारिमचे आजोबा गेले तेव्हा घरात काही शिवलेलं नव्हतं. एके काळी मी बाकी सगळ्या गावाचं शिवायची, घरचंच राहिलं. तयार पोशाख विकत आणला. अंगावर चढवताना बघितलं, प्रत्येक शिवणीच्या टोकाला उलटा टाका. सगळ्या शिवणींना. चारचौघांत बोलता येईना, उसवायला हातात कात्री नाही. तसंच पाठवलं त्यांना. मला अजून वाटतं, ते वाटेत कुठेतरी थांबून मागे बघत असतील. माझ्यामुळे."

उन्सिलने चाकावरचा हात काढला. पट्टी अजून उघडीच होती, म्हणून मला येचनकरीणबाईंचा चेहरा दिसला. त्या हसत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या.

"तुझा नवरा मी ओळखत होते," त्या म्हणाल्या. "बाजारात तुझ्या डोक्यावर बोजा, पाठीवर पोर आणि हा गडी हात मागे बांधून पुढे. कधी एकदा तरी मागे वळून बघितलं होतं का त्यानं?"

फिल्येने मान हलवली. नाही.

"मग तो आता कसला वळून बघतोय! आणि बघत असलाच, तर बघू दे की एकदा. जन्मभर नाही बघितलं तुझ्याकडे."

फिल्ये आधी हसली आणि मग घाम पुसावा तशी बाहीने डोळे पुसू लागली. पुसणे बराच वेळ चालले. उन्सिल तोवर नवी सुई शोधत बसली.

मग आम्ही कामाला लागलो. पट्टी बसली, नवी सुई लागली. टाका थोडा लांब केला, कारण ताठ कापडाला बारीक टाका सोसत नाही. पायाचा दाब जरासा सैल केला. फिल्येने आता बाहीच्या कडेवर सुई टेकवली नाही. तिने आधी एका चिंधीवर शिवण सुरू केली, वरचा आणि खालचा, दोन्ही दोऱ्यांची टोके पायाखालून पलीकडे घेऊन बोटांत धरली आणि चिंधीला अगदी लागून बाही ठेवली. चिंधी पुढे, तिच्यामागे बाही, अशी ती रांग माझ्या दातांवर आली. शिवण संपली तिथेही तिने दुसरी चिंधी लावून शिवण तिच्यावर उतरवली. गाठ नाही, उलटा टाका नाही आणि तरी पहिला टाका शेवटच्या टाक्याइतकाच सरळ. फिल्येने कापड ओढले नाही. नुसते दोन्ही हात त्याच्यावर ठेवले, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना पाठीवर ठेवतात तसे.

आणि मी? मी वर आले, धरले, पुढे नेले, खाली गेले, मागे आले. बाही झाली, अंगरखा झाला, घागरा झाला, पायमोजे झाले. इतके चांगले काम मी तरुणपणीही केले नव्हते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कापड अजून आहे, कुणीही शिवण तपासून पाहावी.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी पोशाख पुरा झाला. येचनकरीणबाईंनी अंगरख्यात एक हात घालून पाहिला, बाही झटकली आणि मनापासून म्हणाल्या, "चला. आता मला कसलीच घाई नाही." मग तिघींनी मिळून थंडगार रश्श्यातल्या शेवया खाल्ल्या. येचनकरीणबाईंनी दोनदा मागून घेतल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी एखादे यंत्र असेल. कापड अडले की लगेच ते म्हातारे झाले म्हणू नका आणि कापड ओढू तर मुळीच नका. ओढल्याने सुई वाकते, कापड फाटते आणि चूक मात्र माझ्या माथी येते. आधी यंत्र थांबवा. पट्टी उघडा, मला स्वच्छ झाडा, एक थेंब तेल द्या, सुई वाकली असेल तर बदला. सुरुवात कडेवर करू नका, चिंधीवर करा. पुढे कुठे जायचे ते तुम्ही दाखवा, नेण्याचे काम माझे आहे. जे डोळ्यांआड राहून काम करते त्याच्याकडे अधूनमधून वाकून बघा, एवढेच माझे मागणे आहे. फिल्ये आता कोणताही महिना असो, दर बाजाराच्या दिवशी पट्टी उघडते. आणि कधी कधी, कुणी नसले की चाक हळूहळू फिरवून मला चालताना नुसती पाहत बसते.

येचनकरीणबाई अजून येतात. मधे एक अधिक महिना येऊन गेला, दुसराही आता जवळ आला आहे. डॉक्टर अजून तेच म्हणतो. त्या दाराशी बसून गुडघे चोळतात, माझी खरखर ऐकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, पोशाख केव्हाचा तयार आहे, पण घालायला सवड म्हणून मिळत नाही.